तापलेल्या वायूचा एक मिलिसेकंद

अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर धावणारी रिक्षा सीएनजीवर चालते, हे आपल्याला ठाऊक आहे. तिच्या इंजिनात काय घडतं, ते क्षणभर आकड्यांत पाहू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात. सीएनजीतल्या मिथेनचं प्रत्यक्ष जळणं त्यातल्या जेमतेम तीन-चार मिलिसेकंदांत उरकतं. तेवढ्या वेळात सिलिंडरमधला वायू २००० केल्विनच्या पुढे तापतो. मिथेनचा रेणू तुटतो, तुकड्यांची ऑक्सिजनशी गाठ पडते, नवे तुकडे जन्मतात आणि संपतात. हे सगळं संगणकावर मांडायचं तर एका सुप्रसिद्ध मांडणीत, जीआरआय-मेकच्या तिसऱ्या आवृत्तीत, ५३ रासायनिक घटक आणि ३२५ अभिक्रिया लागतात. हायड्रोकार्बन इंधनांपैकी रेणूच्या रचनेने सर्वांत साध्या मिथेनची ही अवस्था आहे. त्या प्रत्येक अभिक्रियेला एक वेग असतो आणि तो वेग तापमानानुसार बदलतो. इंजिनाची रचना, धुराड्यातून बाहेर पडणारं प्रदूषण, भट्टीची सुरक्षितता यांबद्दलची सगळी गणितं या वेगांवर उभी असतात. मग हे वेग आले कुठून? ते कुणी मोजले, कशात मोजले, आणि त्या मोजमापावर किती विसंबावं? माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे: तप्त वायूंच्या रसायनशास्त्रातला आकडा ज्या उपकरणातून येतो, त्या उपकरणाइतकाच खरा असतो. त्या उपकरणाचा खरेपणा यंत्रशाळेतल्या हातांच्या कसबावर अवलंबून असतो. आणि ज्या उपनगरांत ते कसबही आहे आणि विज्ञानही, तिथे ही उपकरणं घडली पाहिजेत.

आकड्याच्या खरेपणाला एवढं महत्त्व का, याचं एक उदाहरण पुरे. हवेतला नायट्रोजन उष्णतेने ऑक्सिजनशी जोडला जाऊन नायट्रिक ऑक्साइड कसा होतो, याची साखळी सोव्हिएत शास्त्रज्ञ झेल्दोविच यांनी १९४६ साली मांडली. तिची पहिली पायरी, म्हणजे ऑक्सिजनच्या अणूने नायट्रोजनचा रेणू फोडणं, ही फार अवघड आणि म्हणून तापमानाला विलक्षण संवेदनशील आहे. १८०० केल्विनवरून २००० केल्विनवर गेलं की तिचा वेग सुमारे आठपट होतो. मुंबईच्या रस्त्यावर सीएनजी आला तेव्हा काळा धूर कमी झाला, हे खरं आणि मोलाचं आहे. पण धूर दिसत नाही म्हणून नायट्रिक ऑक्साइड नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. तो किती होईल हे ज्वालेचं तापमान ठरवतं आणि त्या तापमानाला पायरीचा वेग किती, हे कुणीतरी मोजावं लागतं.

मोजायचं म्हटलं तर पहिला विचार साधा येतो: वायू भांड्यात भरा, भांडं तापवा, ठरावीक वेळाने नमुना काढा. रसायनशास्त्राने अनेक दशकं हेच केलं आणि त्यातून खूप शिकलं. सेमेनोव्ह आणि हिन्शेलवूड यांना साखळी अभिक्रियांवरच्या कामासाठी १९५६चं नोबेल मिळालं, ते मुख्यतः अशाच भांड्यांतल्या प्रयोगांवर. पण त्याच प्रयोगांनी भांड्याची मर्यादाही उघड केली. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण कुठल्या दाबाला स्फोट पावेल, हे भांड्याच्या व्यासावर अवलंबून असतं. इतकंच काय, आतून पोटॅशियम क्लोराइडचा लेप दिला तर स्फोटाच्या मर्यादा सरकतात. म्हणजे जिथे वायूची अभिक्रिया मोजायची, तिथे प्रत्यक्षात काचेची भिंतही मोजली जात होती. शिवाय उष्णता भिंतीकडून आत शिरते. मधला वायू तापेपर्यंत कडेच्या वायूने अर्धं काम उरकलेलं असतं. हजार-अकराशे अंश सेल्सिअसच्या वर क्वार्ट्‌झचं भांडंही साथ देत नाही. ज्या अभिक्रियेला काही मायक्रोसेकंद लागतात, ती मिनिटांच्या हिशेबाने तापणाऱ्या भांड्यात मोजता येणं अशक्यच. म्हणून तप्त वायूच्या प्रयोगाला दोन गोष्टी हव्यात. भिंतीच्या मदतीविना वायू एकाच क्षणी, सगळीकडे सारखा तापला पाहिजे. आणि नंतर थोडा वेळ त्याचं तापमान स्थिर राहिलं पाहिजे.

या दोन्ही गोष्टी देणारं उपकरण म्हणजे शॉक ट्यूब. तिची रचना सांगायला चार वाक्यं पुरतात. पोलादी नळीचे दोन भाग करायचे आणि मध्ये अॅल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा पातळ पडदा लावायचा. एका बाजूला मोठ्या दाबाने हेलियम भरायचा. दुसरी बाजू निर्वात पंपाने रिकामी करून तिथे कमी दाबाचा आर्गॉन आणि त्यात चिमूटभर अभ्यासाचा पदार्थ ठेवायचा. पडदा फुटला की हेलियम पुढे झेपावतो आणि त्याच्या पुढे आघाततरंग धावतो. गर्दीच्या वेळी घाटकोपर स्थानकाच्या पुलावर मागून आलेला रेटा जसा माणसामाणसातून पुढे सरकतो आणि पुढची माणसं क्षणात दाटतात, तसा हा तरंग रेणूंमधून सरकतो. फरक इतकाच, की इथे दाटण्याबरोबर वायू तापतो, आणि तेही काही टकरींत, मायक्रोसेकंदाहून कमी वेळात. तरंग नळीच्या बंद टोकाला आपटून मागे फिरला की तोच वायू दुसऱ्यांदा तापतो. परतलेल्या तरंगाच्या मागे वायू जवळजवळ स्थिर उभा राहतो. या स्थिर, तप्त वायूत एक-दोन मिलिसेकंदांची प्रयोगशाळा मिळते. या वेळात भिंतीचा थंडपणा वायूत फार तर मिलिमीटरभर शिरतो. नळीचा व्यास त्याच्या कितीतरी पट असल्याने मधल्या वायूला भिंतीची खबर लागत नाही. पदार्थ चिमूटभर का घ्यायचा, हेही यातच आलं: तो थोडा असला की त्याच्या जळण्याने वा तुटण्याने तापमान हलत नाही, आणि मोजलेला वेग खरोखर त्या एका तापमानाचा राहतो.

या नळीचा इतिहास रसायनशास्त्राच्या बाहेर सुरू होतो. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८९९ साली अशी पहिली नळी वापरली, ती स्फोटांच्या अभ्यासासाठी. तरंगाच्या वेगावरून मागचं तापमान आणि दाब काढण्याची समीकरणं त्याआधीच रँकिन आणि ह्युगोनिओ यांनी दिली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये ब्लीकनी यांच्या गटाने नळीला नीट प्रयोगसाधनाचं रूप दिलं. १९५२ साली रेसलर, लिन आणि कांट्रोविट्झ यांनी तिच्यातून किती प्रचंड तापमान मिळतं, हे दाखवलं. त्यानंतर कॉर्नेलच्या वैमानिक प्रयोगशाळेत ग्लिक, स्क्वायर आणि हर्ट्‌झबर्ग यांनी १९५५च्या सुमारास एकस्पंदी नळी मांडली. रसायनशास्त्रासाठी या सगळ्यात मला ही कल्पना सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांनी अशी योजना केली, की वायू एकदाच तापेल आणि मिलिसेकंदभराने मागून येणाऱ्या प्रसरणाच्या लाटेने झपाट्याने थंड होऊन गोठेल. थंड झालेला नमुना मग सावकाश काढून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये घालता येतो. क्षणभर घडलेली अभिक्रिया निवांतपणे वाचता येऊ लागली, ती इथून.

आता माझ्या मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. या नळीत तापमान मोजायला तापमापक नसतो. तो लावला तरी मिलिसेकंदात काही सांगू शकणार नाही. तापमान काढलं जातं तरंगाच्या वेगावरून. नळीच्या भिंतीत अंतराअंतरावर दाबाचे सेन्सर बसवलेले असतात, आणि एकाकडून दुसऱ्याकडे तरंग किती वेळात पोचला, यावरून वेग निघतो. ३०० केल्विनच्या आर्गॉनमध्ये ध्वनीच्या तिप्पट वेगाचा तरंग घेतला, तर तो सेकंदाला सुमारे ९७० मीटर धावतो आणि परतल्यावर मागे सुमारे २१७० केल्विन तापमान सोडतो. दोन सेन्सरमधलं अंतर अर्धा मीटर असेल, तर वेळ लागतो सुमारे ५१५ मायक्रोसेकंद. वेग मोजण्यात फक्त एक टक्का चूक झाली, म्हणजे पाच मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाले, किंवा नळीत बसवताना सेन्सरचं अंतर अर्धा सेंटिमीटर चुकलं, तर काय होईल? तापमानात सुमारे चाळीस केल्विनची चूक होईल. झेल्दोविचच्या पहिल्या पायरीसारख्या संवेदनशील अभिक्रियेच्या वेगात ती चूक तब्बल एक तृतीयांश होऊन बसेल. अर्धा सेंटिमीटर ही यंत्रकाराच्या दृष्टीने ढोबळ चूक. लेथवर काम करणारा कुठलाही चांगला कारागीर एवढी चूक करणार नाही. पण नळीचा आतला पृष्ठभाग होनिंग करून आरशासारखा केला नाही, फ्लँजच्या जोडावर सूक्ष्म पायरी राहिली, किंवा पडद्यावरची आडवी-उभी खाच सारख्या खोलीची नसल्याने तो चार पाकळ्यांत न उघडता फाटला, तर तरंग विस्कटतो. तो वाटेत मंदावतो, आणि वेगाचा आकडा कोणत्या जागचा धरावा हेच कळेनासं होतं. समीकरण चोख असतं, पण त्याला घालायचा आकडा कारखान्यातून येतो.

याच अडचणीवर अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌समध्ये विंग त्सांग यांनी साठच्या दशकात जो उपाय योजला, तो विज्ञानातल्या सुंदर युक्त्यांपैकी एक मानावा लागेल. त्यांनी अभ्यासाच्या पदार्थासोबत त्याच मिश्रणात दुसरा, ज्याचा वेग आधीच विश्वासाने ठाऊक आहे असा पदार्थ घातला. दोघांनाही तोच तरंग, तेच तापमान आणि तोच वेळ मिळतो. परिचित पदार्थ किती तुटला, यावरून त्या क्षणाचं खरं तापमान निघतं, आणि मग अपरिचिताचा वेग त्याच्या तुलनेने ठरतो. म्हणजे रेणूच तापमापक झाला. तरंगाच्या वेगातली चूक दोन्हीकडे सारखीच असल्याने बरीचशी वजा होऊन जाते. पुढे सत्तरच्या दशकात अणूंचा मागोवा घेणारी प्रकाशशोषणाची तंत्रं आली. नंतर लेझर आले. स्टॅनफर्डमध्ये ३०६ नॅनोमीटरच्या लेझरने ओएच मूलकाचं (रेणूच्या क्षणजीवी तुकड्याचं) शोषण मोजून जळण्याच्या साखळीतली सर्वांत निर्णायक फाट्याची अभिक्रिया, हायड्रोजनचा अणू आणि ऑक्सिजनचा रेणू यांची, वारंवार मोजली गेली. पण लेझर असला तरी तापमान नळीच देते, हे विसरून चालणार नाही.

आपल्या देशात हे काम सर्वांत नीट झालं ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. एरोस्पेसमधले के. पी. जे. रेड्डी आणि भौतिक रसायनशास्त्रातले ई. अरुणन यांच्या सहकार्यातून तिथे रसायनासाठी एकस्पंदी नळी उभी राहिली. बी. राजकुमार, रेड्डी आणि अरुणन यांनी २००२ साली १,२-डायक्लोरोइथेनमधून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडण्याचा वेग या नळीत मोजला, आणि सोबत संगणकावरची आकडेमोडही दिली. हा पदार्थ ऐकायला परका वाटेल, पण पीव्हीसीच्या पाइपापर्यंत जाणारी वाट यातूनच जाते. डायक्लोरोइथेन सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तोडून व्हिनाइल क्लोराइड होतो आणि त्यापासून पीव्हीसी. कारखान्यातल्या भट्टीत हे तुटणं क्लोरीनच्या अणूंच्या साखळीने होतं, त्यामुळे तिथे रेणू एकटा, स्वतःहून कसा तुटतो हे वेगळं काढता येत नाही. नळीत हजार केल्विनच्या थोडं वर, अगदी विरळ मिश्रणात आणि भिंतीपासून दूर, ती एकच पायरी वेगळी करून पाहता आली. राजकुमार यांनी पुढे चेन्नईच्या आयआयटीत स्वतःची नळी उभारली, म्हणजे कसब एका जागी अडकून राहिलं नाही.

मुंबईच्या उपनगरांचा या विद्येशी संबंध आहे, आणि तो जुना आहे. चेंबूर-ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने पन्नासच्या दशकात आले, आणि साठच्या दशकात ट्रॉम्बे आणि ठाण्याच्या पट्ट्यात नाफ्था तोडणाऱ्या भट्ट्या आल्या. नाफ्था वाफेसोबत नळ्यांतून सुमारे ८०० ते ८५० अंशांना सेकंदाच्या काही दशांशांत जातो आणि एथिलीन होऊन बाहेर येतो. हे पूर्णपणे तप्त वायूंचं रसायन आहे, मूलकांच्या साखळीचं. ट्रॉम्बेच्याच भाभा अणुसंशोधन केंद्रात लेझरने रेणू तोडून त्यातून सुटलेल्या ओएच मूलकांना ओळखण्याचं बारीक काम झालं. पवईच्या आयआयटीत एरोस्पेस विभागाकडे शॉक टनेल आहे. तो अतिवेगवान हवेच्या प्रवाहासाठी असला, तरी त्याचा पाया हीच पडदा फुटणारी नळी आहे. आणि साकीनाका, मरोळ, भांडुपच्या गल्ल्यांत अजून लेथ, होनिंग, पॉलिशिंग, ओ-रिंगच्या खाचा काढणारी माणसं आहेत. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे मोठे कारखाने गेले आणि तिथे टॉवर उभे राहिले, तरी छोट्या यंत्रशाळा पूर्ण संपलेल्या नाहीत. यांतलं कोणी कोणाच्या दारात जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही उपकरणं इथे घडावीत, या माझ्या म्हणण्यावर गंभीर आक्षेप आहेत. पहिला आक्षेप संगणकाचा. आज पुंजयामिकीने रेणूची ऊर्जा मोलमागे एक किलोकॅलरीच्या आत काढता येते, मग नळ्या कशाला? या आक्षेपात जितकं तथ्य आहे, तितकं कबूल केलं पाहिजे. एक किलोकॅलरीच्या चुकीने ३०० केल्विनला वेग पाचपट चुकतो, पण १५०० केल्विनला सुमारे चाळीस टक्केच. म्हणजे तापमान जितकं जास्त, तितकं आकडेमोडीचं भलं होतं, आणि चाळीस टक्के ही चूक नळीतल्या एक टक्का वेगाच्या चुकीच्याच पंक्तीतली आहे. तरीही संगणक ज्या वाटेचं गणित मांडायला सांगाल, त्याच वाटेचं उत्तर देतो. ज्वालेत झटकन तयार होणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचं उदाहरण घ्या. झेल्दोविचच्या साखळीत न बसणारा हा भाग फेनिमोर यांनी १९७१ साली दाखवला आणि सीएच मूलक नायट्रोजनवर पडून एचसीएन आणि नायट्रोजनचा अणू होतो, असं सुचवलं. जवळपास तीस वर्षं ही वाट पुस्तकांत राहिली. २००० साली मोस्कालेव्हा आणि लिन यांच्या आकडेमोडीने दुसरीच वाट दाखवली, एनसीएन आणि हायड्रोजनची. २००७ साली स्टॅनफर्डच्या शॉक ट्यूबमध्ये एनसीएनची वाट मोजून निघाली, तेव्हा प्रश्न मिटण्याच्या मार्गाला लागला. इथे श्रेय आकडेमोडीचंही आहे, यात शंका नाही. पण त्या कागदावरच्या वाटेला खऱ्या तप्त वायूची सही नळीने दिली.

दुसरा आक्षेप नळीच्या आतूनच येतो आणि मला तो पहिल्याहून वजनदार वाटतो. नळी आदर्श नसते. तरंगामागे भिंतीलगत थर वाढत जातो. त्यामुळे परतलेल्या तरंगानंतरही दाब मिलिसेकंदाला एखाद-दोन टक्क्यांनी चढत राहतो. नायट्रोजन वा कार्बन डायऑक्साइड भरपूर असेल, तर परतणारा तरंग भिंतीजवळ दुभंगतो. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडच्या मिश्रणाबाबत २००७च्या सुमारास एरिक पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हजार केल्विनच्या खाली मोजलेला प्रज्वलनाचा विलंब गणिताहून कितीतरी पटींनी कमी येतो. दोष अभिक्रियांच्या यादीचा की नळीचा, यावर बरीच चर्चा झाली. नळीतले अनिष्ट परिणाम आणि वेळेआधीच कुठेतरी पेटणारे ठिपके यांचा त्यात मोठा वाटा असल्याचं हळूहळू स्पष्ट झालं. याचा निष्कर्ष नळ्या टाकून द्या, असा निघत नाही. नळीची हद्द ओळखा, असा निघतो. चार-पाच मिलिसेकंदांच्या पलीकडे आणि हजार केल्विनच्या खाली दट्ट्याने झपकन दाबणारं यंत्र अधिक विश्वासार्ह असतं. त्याहून मंद अभिक्रियांना ढवळत्या भांड्याची गरज असते. नळीची हद्द ज्याने स्वतः ओलांडून पाहिली, त्यालाच दुसऱ्याच्या आकड्यातला धोका ओळखता येतो, आणि इथेच तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर सुरू होतं.

तिसरा आक्षेप असा: मिथेनचा रेणू पवईत आणि स्टॅनफर्डमध्ये एकच आहे, त्याचा वेग कुठेही तोच. मग अमेरिकेत मोजलेला आकडा घ्या आणि पैसे वाचवा. एका रेणूच्या एका पायरीपुरता हा आक्षेप बिनतोड आहे. पण आपल्या शेगड्यांत आणि रिक्षांत एक रेणू जळत नाही. उपनगरांना येणारा वायू ओएनजीसीच्या उरण प्रकल्पातून आणि बाहेरून आणलेल्या द्रवरूप वायूतून मिळून येतो, आणि त्यातलं इथेनचं प्रमाण बदलू शकतं. मिथेन उशिरा पेट घेतो, कारण त्यातून सुटलेले मिथाइल मूलक एकमेकांना जोडून साखळी थांबवतात. थोडंसं इथेन मिसळलं की साखळीला लवकर फाटे फुटतात आणि प्रज्वलनाचा विलंब ठळकपणे घटतो. इंजिनात त्याचा अर्थ ठोका पडण्याचा धोका असा होतो. महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. आपल्या शुद्धीकरण कारखान्यांच्या पेट्रोलशी त्याचं मिश्रण कसं पेट घेतं, हे दुसऱ्या देशातल्या पेट्रोलवरून अंदाजाने धरणं पुरेसं नाही. आणि ज्या देशात मोजणारे नाहीत, तिथे उसना आकडा तपासणारेही नसतात. तो चाळीस टक्के चुकला असेल, तर ते कळण्याचं साधनच उरत नाही.

खर्चाबद्दल थोडंच सांगतो. नळी स्वतः महाग नसते. महाग असतात सेन्सर, ऑसिलोस्कोप, क्रोमॅटोग्राफ आणि हेलियम. हेलियम तर जवळजवळ सगळा आयातच होतो. हायड्रोजन स्वस्त आहे, पण तो जळतो आणि त्याला वेगळी दक्षता लागते. रेड्डी यांनी यावर एक टोकाची साधी वाट दाखवली. २०१३ साली त्यांनी आणि शरत यांनी हाताने दट्ट्या ढकलून कागदाचा पडदा फोडणारी छोटी नळी प्रसिद्ध केली. आता ती ‘रेड्डी ट्यूब’ या नावाने ओळखली जाते. हवेत ध्वनीच्या दीडपट वेगाचा तरंग धरला, तर परतल्यावर सुमारे ५०० केल्विनच मिळतात. रसायन तोडायला ते पुरणार नाहीत. पण वेग मोजायला, दोन सेन्सरमधल्या मायक्रोसेकंदांचा अर्थ समजायला आणि एक टक्क्याची किंमत काय, हे स्वतःच्या हाताने अनुभवायला ती नळी पुरेशी आहे. मुलुंडचं वझे-केळकर, घाटकोपरचं झुनझुनवाला, विद्याविहारचं सोमैया यांसारख्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ती सहज बसेल. तिचा आराखडा घेऊन भांडुपच्या एखाद्या यंत्रशाळेत विद्यार्थी गेले, तर पहिली शिकवण तिथेच सुरू होईल.

त्याच्या पुढची पायरी पवईत किंवा ट्रॉम्बेत हवी: सुमारे दहा सेंटिमीटर आतल्या व्यासाची, स्टेनलेस पोलादाची, टोकाला क्वार्ट्‌झची खिडकी असलेली एकस्पंदी नळी. तिच्यात पहिलं मोजमाप फार धाडसी नको. मिथेनमध्ये इथेनचं प्रमाण शून्यापासून दहा टक्क्यांपर्यंत पायरीपायरीने वाढवत, ११०० ते १६०० केल्विनमध्ये प्रज्वलनाचा विलंब मोजावा. हे काम जगात आधी झालं आहे, आणि म्हणूनच ते पहिलं असावं. आपले आकडे जुन्या आकड्यांशी जुळले, तर नळीवर विश्वास बसेल. न जुळले, तर फ्लँजच्या जोडापासून सेन्सरच्या अंतरापर्यंत एकेक कारण शोधावं लागेल. त्या शोधात दाबाच्या मूळ नोंदी, पडद्याची जाडी, खाचेची खोली, तरंग वाटेत किती मंदावला याचा प्रत्येक आकडा निकालाबरोबर प्रसिद्ध करावा, म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेला तो तपासता येईल. ते जमलं की उरणहून आलेला खरा वायू नळीत भरायचा.